बर्फात मीठ, आईच्या अंदाजाने

थांबा, हातातलं सगळं बाजूला ठेवा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! दहा मिनिटांपूर्वी एक पार्सल आलं. एजवेअरहून. आत बबल रॅपचे सात थर, आणि सातव्या थराच्या आत एक स्टीलचा चमचा. मापाचा. एवढाच. आणि एक चिठ्ठी, पण तिच्याबद्दल नंतर. मी दुकानात एकटीच खो खो हसतेय हे ऐकून माझी बॉस मॉयरा बूट सुकवायच्या खोलीतून बाहेर आली. मी तिला चमचा दाखवला. तिने चमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि भिंतीला टेकून ती पण सुरू झाली.

तुम्हाला काहीच कळलं नसणार. पहिल्यापासून सांगते. भराभर टाइप करतेय, चुका असतील, पाठवायच्या आधी आई बघणार आहे.

आमच्या नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक काका उन्हाळ्यापासून मागे लागलेत, कामाचे अनुभव लिही म्हणून. मी म्हटलं, 'काका, मी सत्तावीस वर्षांची आहे. अनुभव लिहायला आधी रिटायर व्हावं लागतं ना?' काका म्हणाले, 'रिटायर झालेल्यांचे आठ लेख आलेत. आठही जणांचं प्रमोशन हुकलंय. तू बर्फाचं लिही.'

तर बर्फाचं. मी केतकी. नागपूरहून नऊ वर्षांची असताना नॉटिंगहॅमला आले, आई तिथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. जिऑग्रफीची डिग्री घेतली आणि एका सीझनपुरती म्हणून स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये एका छोट्या स्की सेंटरवर, स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात कामाला आले. त्याला पाच वर्षं झाली. आई अजून दर रविवारी विचारते, 'काय करून राहिली तू तिथे? खरी नोकरी कधी करशील?' आणि गेल्या हिवाळ्यात तर, 'बर्फच नाही म्हणते, तर मग दिवसभर करता काय तुम्ही?'

आई, नीट वाच. काय करतो ते सांगते.

स्की म्हणजे दोन लांब पट्ट्या पायाला लावून बर्फावरून घसरायचं, हे सगळ्यांना माहितीये. पण घसरणं हा कामाचा शेवटचा भाग. माझा दिवस बुटांपासून सुरू होतो. स्कीचा बूट म्हणजे प्लॅस्टिकची बादली. त्यात पायात एकच मोजा घालायचा, तोही पातळ. आपली माणसं आली की मला बोलायच्या आधी कळतं, कारण पायात तीन मोजे असतात आणि सगळ्यात वर घरी विणलेला. 'अगं थंडी वाजेल ना बाळाला!' नाही वाजणार काकू. तीन मोज्यांनी पाय आवळतो, रक्त अडकतं, आणि मग वाजते.

त्यानंतर फॉर्म. वय, उंची, वजन, आणि स्की किती येतं. बूट आणि पट्टी यांना जोडणारी एक स्प्रिंगवाली पकड असते, बाइंडिंग म्हणतात. तुम्ही वाईट पडलात की तिने पाय सोडायला हवा, नाहीतर गुडघा गेला. किती जोर आला की सोडायचं, ते मी फॉर्म बघून स्क्रू फिरवून ठरवते. आणि या फॉर्मवर सगळं जग खोटं बोलतं! बायका वजन कमी सांगतात, मग त्यांची स्की भलत्या क्षणी निसटते. पुरुष 'एक्स्पर्ट' लिहितात, मग त्यांची सुटायला हवी तेव्हा सुटत नाही. मी आता सगळ्यांना सांगते, हा फॉर्म म्हणजे डॉक्टर आहे असं समजा. तरी खोटं बोलतात. डॉक्टरांशी पण बोलतातच म्हणा.

आता बर्फ नसला की काम कमी होतं असं वाटतं ना? वाढतं! बर्फाचा थर पातळ झाला की खालचे दगड डोकं वर काढतात आणि स्कीच्या तळाला खड्डे पाडतात. मग मी काळ्या प्लॅस्टिकची कांडी उदबत्तीसारखी पेटवायची, तिचे थेंब खड्ड्यात पाडायचे, थंड झालं की तासून सपाट करायचं. चांगल्या वर्षी आठवड्याला पाच-सहा स्की येतात. गेल्या वर्षी रोज तेवढ्या.

आणि फोन! 'बर्फ किती आहे?' सकाळी आठपासून. आमच्या धंद्यात स्नो रिपोर्ट लिहायची एक कला आहे. तुम्ही स्थळांची माहिती वाचलीये ना? 'मुलगा मनमोकळा' म्हणजे बडबड्या, 'घरगुती' म्हणजे आणखी काहीतरी. तसंच. 'व्हेरिएबल कव्हर' म्हणजे इथे आहे, तिथे नाही. 'स्प्रिंग कंडिशन्स' म्हणजे चिखल. मॉयराला हे जमत नाही. ती पंचवीस वर्षं या डोंगरावर आहे आणि तिला खोटं बोलता येत नाही. गेल्या फेब्रुवारीत तिने रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'थोडा बर्फ आहे. पांढरा आहे. केक चांगला आहे.' आणि खरं सांगते, माणसं केकसाठी आली.

आणि गॉर्डनला यायला तर कशाचीच गरज नसते. गॉर्डन आमचं कायमचं गिऱ्हाईक, रिटायर्ड पोस्टमन. त्याचा नेम आहे, वर्षातल्या बाराही महिन्यांत एकदा तरी स्की करायचं. जुलैमध्ये पण! वर एका घळीत सतरंजीएवढा बर्फ उरलेला असतो, तिथे हा दीड तास चालत जातो, चार वळणं घेतो, परत येतो. मी पहिल्या वर्षी त्याला विचारलं होतं, 'चार वळणांसाठी?' तो म्हणाला, 'लास,' म्हणजे पोरी, 'घरी बसलो असतो तर शून्य झाली असती.' मला तेव्हा तो वेडा वाटला होता.

गेल्या हाफ टर्मच्या, म्हणजे फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्टीच्या, बुधवारी माझ्या काउंटरसमोर एक लाल सुटकेस आली. सुटकेसच्या मागे एक मावशी होत्या, त्या नंतर दिसल्या, कारण उंची चार फूट अकरा. माझा नेम बॅज वाचला आणि एकदम, 'केतकी! मराठी का गं तू? बरं झालं. इकडे ये, कानात सांगायचंय.'

मला वाटलं वजन. म्हटलं, 'मावशी, घाबरू नका, हा फॉर्म फक्त मी बघते.'

'वजन एकसष्ट आहे, लिही, त्यात काय लपवायचंय? मी इथे आलेय हे कुणाला कळता कामा नये. शनिवारपर्यंत.'

त्या सुनंदा मावशी. सहासष्ट वर्षांच्या, मूळच्या पुण्याच्या, लंडनमधल्या एजवेअरला लेकीजवळ राहतात. लेक मेघना, जावई आणि नऊ वर्षांची नात रिया, सगळे स्की करतात, दर वर्षी कुठे ना कुठे जातात. मावशी पण जातात. अकरा वर्षं जातायत. आणि अकरा वर्षं खाली कॅफेत बसून सगळ्यांचे कोट, बॅगा, हातमोजे आणि चिवड्याचा डबा सांभाळतायत.

'मला काही वाईट वाटायचं नाही गं,' मावशी म्हणाल्या. बूट घालून बघत होत्या, एकच मोजा, न सांगता! 'खिडकीजवळ जागा, चहा, पुस्तक. छानच. पण रियाने शाळेत चित्र काढलं, माय फॅमिली ऑन हॉलिडे. आई स्कीवर, बाबा स्कीवर, ती स्वतः स्कीवर. आणि मी खुर्चीत. मांडीवर तीन कोट. डोकंच दिसत नाही, नुसते कोट! फ्रीजवर लावलंय. रोज दूध काढताना बघते मी.'

म्हणून मावशींनी सप्टेंबरपासून लंडनच्या बाहेर एक भलामोठा फ्रीज आहे, म्हणजे इनडोअर स्की स्लोप, तिथे दर मंगळवारी क्लास लावला. लेकीला सांगितलं भजनी मंडळ आहे. 'तिला वाटतंय मला आता चाळीस भजनं येतात. परवा म्हणाली, आई एक तरी म्हणून दाखव. जुनंच एक म्हटलं.'

प्लॅन असा होता. मावशी मैत्रिणीकडे जाते म्हणून तीन दिवस आधी आल्या होत्या. मैत्रीण म्हणजे आमच्या गावातलं एक बी अँड बी, घरगुती लॉज. घरचे शनिवारी सकाळी अकराला डोंगरावर पोचणार होते आणि रविवारी परत. त्या एका दिवसात रियाने मावशींना खऱ्या डोंगरावरून, खऱ्या बर्फावरून खाली येताना बघायचं. बस.

'पुढच्या वर्षी दाखवता येईल की,' मी घाबरत म्हटलं, कारण मला खिडकीतून डोंगर दिसत होता.

'पुढच्या वर्षी ती दहाची होईल. मग तिला आजी बघायची नसेल, फोन बघायचा असेल. मी लेक वाढवलीये, मला माहितीये.'

मग मी त्यांना बाहेर नेलं आणि डोंगर दाखवला. अख्खा तपकिरी. हेदर नावाचं खुरटं झुडूप असतं इथे, सगळीकडे तेच. आणि शिकणाऱ्यांच्या उतारावर, लाकडी कुंपणाच्या कडेने, जुन्या साडीच्या काठासारखी एक पांढरी पट्टी. आम्ही उतारावर मुद्दाम कुंपणं घालतो, वाऱ्याने उडालेला बर्फ त्यांच्यामागे साठतो. स्कॉटलंडमध्ये आभाळातून पडलेल्या बर्फापेक्षा कुंपणाने अडवलेल्या बर्फावर जास्त स्की होतं. तर ती पट्टी. लांबी ऐंशी मीटर, रुंदी दोन गाड्या शेजारी उभ्या राहतील एवढी. संपूर्ण डोंगरावर चालू असलेला एकमेव उतार.

मावशींनी बराच वेळ बघितलं. 'पुरे आहे,' म्हणाल्या. 'मला काय ऑलिंपिकला जायचंय?'

आणि त्या खरंच आल्या खाली! वर जायला आमच्याकडे फिरती दोरी आहे, ती धरायची आणि ती ओढून नेते. विहिरीचा दोर धरावा तशा मावशी दोरीला चिकटल्या. खाली येताना पुढची टोकं जवळ, मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार, पहिल्या दिवशी सगळ्यांना शिकवतो तोच. सावकाश, वाकून, ओठ घट्ट मिटून. खाली पोचल्यावर बोटांत बर्फ चुरगळून म्हणाल्या, 'फ्रीजमधला असा नव्हता गं. हा तर साबुदाणा भिजत घातल्यासारखा आहे.' पाच वर्षं मी लोकांना ओल्या बर्फाचं वर्णन करून सांगतेय, मला हे कधी सुचलं नव्हतं.

गुरुवारी हवा गरम झाली. सहा डिग्री. तुम्ही म्हणाल सहा म्हणजे गरम? बर्फाला विचारा. पट्टीच्या मधला भाग, जिथे पाणी मुरतं, तिथे साबुदाण्याची खीर व्हायला लागली. संध्याकाळी चारला मॉयरा म्हणाली, 'केट, मधल्या भागावर थोडं मीठ टाक.' मला इथे सगळे केट म्हणतात.

हे ऐकून तुम्हाला धक्का बसेल, मला पण बसला होता पहिल्यांदा, कारण मिठाने बर्फ वितळतो, रस्त्यावर त्याच्यासाठीच टाकतात ना? पण ओल्या, भुसभुशीत बर्फावर अगदी थोडं मीठ टाकलं की वरचा थोडासा बर्फ वितळतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि खालचा थर कडक होतो. रेसच्या आधी करतात. ट्रिक सगळी मापात आहे. कमी टाकलं तर काही होत नाही, जास्त टाकलं तर सगळं बसतं.

मी मॉयराला विचारलं, 'किती टाकू?' ती दोरीची मोटर बंद करत होती, मान वर न करता म्हणाली, 'ओ, जस्ट इनफ.'

बस! तिथेच चुकलं. इथल्या कुणीही विचारलं असतं, इनफ म्हणजे किती, ग्रॅममध्ये सांग. शेडमध्ये भिंतीवर मापाचा तक्ता पण लावलाय. पण मी आईच्या हाताखाली वाढलेली. आमच्या घरी चमचे नाहीत असं नाही, पण मिठात चमचा घालणं म्हणजे अपमान. मूठ, बोटं, अंदाज. 'आई, किती?' 'पुरेसं.' लहानपणापासून हेच उत्तर. मला वाटलं, अरे, हे तर मला येतं! मी बादली उचलली आणि अगदी आत्मविश्वासाने, आई भातावर टाकते तसं, वरून, बोटं फिरवत, छान सगळीकडे. परत एकदा. जिथे जास्त ओलं दिसलं तिथे आणखी दोन मुठी. मावशींसाठी करतेय म्हणून जरा जास्तच प्रेमाने.

शुक्रवारी सकाळी पट्टीच्या दोन पट्ट्या झाल्या होत्या. मध्ये बारा मीटर हेदर. वर बर्फ, खाली बर्फ, मध्ये तपकिरी भगदाड, आणि त्यातून पाणी झुळझुळ वाहत होतं.

एका आजीचे सहा महिन्यांचे मंगळवार मी एका संध्याकाळी विरघळवले होते. मॉयरा आली, खाली बसली, पाण्यात बोट घालून चाटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'केट. हे सूप आहे.'

मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, 'तक्ता न बघता टाकलंस तू. जस्ट इनफ म्हणून सांगितलं मी. भगदाड दोघींचं. भरू आपण.'

पण आधी मावशींना सांगायचं होतं. त्या दहाला आल्या, हेल्मेट घालूनच. मी भगदाड दाखवलं आणि घडाघडा बोलून टाकलं. मला वाटलं रडतील, नाहीतर रागावतील. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

'किती टाकलंस?'

'अंदाजाने.'

'कुणाच्या अंदाजाने?'

'आईच्या.'

'आई किती माणसांचं करते?'

'आमच्या मंडळाच्या गणपतीला... साठेक.'

'मग बरोबर आहे,' मावशी म्हणाल्या. 'अगं, मीठ असं एकदम घालतात का? आधी थोडं, मग बघायचं, मग परत थोडं. बर्फ असला म्हणून काय झालं?' आणि मग हळू आवाजात, 'उद्या अकरापर्यंत होईल का गं काही?'

तो आवाज ऐकून मी फावडं आणायला पळाले.

वरच्या कुंपणांमागे अजून बर्फ होता, छोटे छोटे ढीग, स्की करायला निरुपयोगी पण न्यायला उत्तम. मॉयराने रिपोर्टमध्ये लिहिलं, 'आज स्की नाही. फावडी आहेत. मदतीला याल तर केक फुकट.' आणि लोक आले! अकरा जण आले. गॉर्डन सगळ्यात आधी, स्वतःचं फावडं घेऊन. मुलांच्या प्लॅस्टिकच्या घसरगाड्या, बिल्डरच्या गोण्या, मासळीचे रिकामे खोके, जे हाताला लागेल त्यात बर्फ भरायचा, घसरत खाली आणायचा, भगदाडात ओतायचा, पायाने तुडवायचा. गोधडीला ठिगळ लावतात तसं. कपडे आतून घामाने आणि बाहेरून पाण्याने चिंब.

मावशी गायब झाल्या होत्या. मला वाटलं दमल्या, गेल्या. तर त्या बी अँड बीमधून लाल सुटकेस रिकामी करून परत आल्या. कडक कवचाची ती. त्यात बर्फ भरला, झाकण लावलं आणि हँडल धरून ओल्या गवतावरून सरसर खाली.

'मावशी, तुम्ही नका ओढू, आम्ही आहोत ना!'

'अकरा वर्षं बॅगा सांभाळतेय मी,' मावशी म्हणाल्या. 'तू तुझं फावडं बघ.'

गॉर्डन त्यांच्यामागून चालत होता, दमला होता, मला म्हणाला, 'हू इज दॅट वुमन?' मी म्हटलं, 'कस्टमर.' तो म्हणाला, 'तिला जुलैमध्ये येणार का विचार.'

चारपर्यंत भगदाड भरलं. दिसायला भयानक होतं. करडा, गवताच्या काड्यांनी भरलेला, कुठे कुठे पिवळसर बर्फ. पिवळसर का, ते शनिवारी सकाळी कळलं. आम्ही आठला वर गेलो तर ठिगळावर इवले इवले पांढरे-तपकिरी पक्षी टोचे मारत होते. स्नो बंटिंग म्हणतात त्यांना, हिवाळ्यात येतात. जवळ जाऊन बघितलं तर शेंगदाणे आणि पोहे. मावशींच्या सुटकेसमध्ये चिवडा सांडला होता, तो बर्फातून खाली आला होता. बहुतेक जगातला एकमेव स्की स्लोप, ज्याच्यात चिवडा होता. रात्री हवा गार पडली होती, ठिगळ धरलं होतं. मी त्याच्यावर उड्या मारून बघितल्या. मिठाची बादली मॉयराने शेडला कुलूप लावून ठेवली होती.

दुपारी पाऊस येणार होता. पश्चिमेकडून ढग दिसायला लागले होते.

अकरा दहाला घरचे आले. मेघनाताई, जावई, रिया. तिघं कॅफेत शिरले आणि मेघनाताईंनी सवयीने खिडकीजवळची खुर्ची बघितली. रिकामी. 'आई कुठेय? मैत्रिणीकडून थेट इथे येणार होती ना? कोट कुणाकडे द्यायचे?' असं म्हणत तिघांचे कोट स्वतःच हातावर घेऊन इकडेतिकडे बघत राहिल्या. मी माझं काम केलं. रियाजवळ गेले आणि म्हटलं, 'तुला काहीतरी दाखवायचंय, बाहेर ये.' मेघनाताई मागून, 'एक्स्क्यूज मी, कुठे नेताय तिला?' करत कोटांसकट आल्या.

पट्टीच्या वरच्या टोकाला लाल हेल्मेट. शेजारी मॉयरा. मॉयराने हात वर केला, मी हात वर केला, आणि मावशी निघाल्या.

पिझ्झा. हळू. पहिलं वळण, दुसरं वळण. माझा श्वास ठिगळावर अडकला होता, कारण तिथे बर्फ बदलत होता, स्की एकदम अडली तर माणूस पुढे तोंडावर. मावशी ठिगळावर आल्या, स्की खरखरली, त्या हलल्या, एक हात हवेत गेला, पक्षी भुर्रकन उडाले. मी मनात बाइंडिंगचा स्क्रू आठवला. एकसष्ट किलो, खरे. त्याच क्षणी मला त्यांच्या खरं सांगण्याबद्दल इतकं प्रेम वाटलं! आणि त्या सावरल्या. ठिगळ पार. खालची पट्टी. बर्फ संपतो तिथे अलगद थांबल्या आणि मग, दमून, हेदरवर मांडी घालायच्या बेतात बसल्या. पाय अर्थातच मुडपेनात, स्की होत्या ना.

रिया धावत गेली. तिचं तोंड उघडं होतं. मला वाटलं मिठी मारेल, किंचाळेल. ती आजीसमोर उभी राहिली, वर उताराकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि आपल्या लंडनी मराठीत अगदी काळजीने विचारलं, 'आजी, तू आला? पण मग आपले कोट कोण सांभाळतोय?'

मावशींनी हेल्मेट काढलं. केस सगळे चिकटलेले. मागे मेघनाताई हातावर तीन कोट, खांद्याला दोन बॅगा घेऊन उभ्या होत्या.

'तुझी आई,' मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी आजी-नात नऊ वेळा खाली आल्या. मेघनाताई आधी 'आई, गुडघा! आई, सांगितलं का नाहीस!' करत होत्या, मग चवथ्या फेरीला कोट खुर्चीवर टाकून व्हिडिओ काढायला लागल्या. गॉर्डनने दोरीजवळ उभं राहून दर फेरीला वेळ नोंदवली, कुणी सांगितलं नव्हतं. दोनला पाऊस आला. सोमवारी पट्टी नव्हती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सेंटर बंद केलं. पाच वर्षांतला सगळ्यात वाईट सीझन. सगळे उतार एकदम पांढरे मी आयुष्यात एकदाच बघितलेत, आणि परत कधी बघेन की नाही माहीत नाही, ते आठवलं की आत जरा तुटतं. पण कुणी विचारलं सगळ्यात चांगला दिवस कोणता, तर मी तो तपकिरी शनिवार सांगते.

आणि आता हा चमचा. चिठ्ठी जशीच्या तशी देते: 'केतकी, मीठ ह्याने टाक. आईला नमस्कार सांग, तिच्या अंदाजाला नावं ठेवली म्हणून रागावू नको म्हणावं. फ्रीजवर नवं चित्र आहे. त्यात खुर्चीत मेघना आहे. तिला ते अजिबात आवडलेलं नाही, त्यामुळे मंगळवारी आता आम्ही दोघी भजनाला, म्हणजे त्या मोठ्या फ्रीजमध्ये जातो, तीही माझ्याबरोबर परत पहिल्यापासून शिकतेय, तिच्या वळणांचं काही खरं नाही. फेब्रुवारीत येतोय. बर्फ असो नसो. सुटकेस आणतेच.'

मेघनाताईंना वळणं न यायला काय झालं, त्या तर वर्षानुवर्षं स्की करतात! मॉयराला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, 'आईबरोबर राहायला माणूस येत असलेलंही परत शिकतं.' असेल.

मी चमचा शेडमध्ये बादलीच्या वरती खिळ्याला टांगलाय, मापाच्या तक्त्याशेजारी. आईला फोटो पाठवला. तिचा रिप्लाय आला: 'बाई बरोबर बोलून राहिली. पण मी साठ माणसांचं कधीच खारट केलं नाही, हे पण छाप.'

छापलं, आई.

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरात कोट कोण सांभाळतं? आणि ती व्यक्ती दर मंगळवारी नक्की कुठे जाते, हे तुम्हाला पक्कं माहितीये? तुमच्याकडे पण असं कुणी एक दिवस खुर्ची सोडून उतारावर उभं राहिलेलं दिसलंय का?